पिकअप : आधी पोट, मग उंची

४ जानेवारी

गाडी : डबल कॅब पिकअप, डिझेल, शिडीची चासी. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. फोर बाय फोर, लो रेंजसकट (कमी वेगात जास्त ओढ देणारे गिअर). इंजिनाखाली कंपनीचा एक पत्रा आहे, पण अंगठ्याने दाबला तरी डबडब वाजतो. तो चिखल अडवेल, दगड नाही.

ही गाडी धोंड्यांच्या आणि ओढ्यांच्या वाटांसाठी तयार करायची आहे. कामाला हात घालण्याआधी मोजमापं घेतली. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर) ३,००० मिमी. ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) आडव्या मेंबरखाली, म्हणजे साधारण मधोमध, जमिनीपासून २२० मिमी मोकळं. एवढ्यावरून हिशेब केला तर उंचवटा ओलांडताना पोट टेकायचा कोन जेमतेम १७ अंश येतो. आखूड जीपला तो २५च्या आसपास मिळतो. हेच २२० मिमी ३० ने वाढवून २५० केले तरी आपण १९ अंशांवरच. थोडक्यात, पिकअप कितीही उंच केली तरी तिचं पोट टेकणारच. टेकल्यावर काय फुटतं, हा खरा प्रश्न. म्हणून या कामाचा क्रम ठरवून टाकला : आधी पोट झाकायचं, मग बाजू, मग पाणी, आणि उंची सगळ्यात शेवटी.

७ जानेवारी

गाडी वजनकाट्यावर नेली. टाकी भरलेली, आत कोणी नाही. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग सगळी गाडी. एकूण १,९५० किलो : पुढच्या एक्सलवर १,०९०, मागच्या एक्सलवर ८६०. दारावरच्या पट्टीप्रमाणे भरलेल्या गाडीची मर्यादा २,९०० किलो. म्हणजे माणसं, पाणी, अवजारं, सामान आणि आपण लावू तो प्रत्येक लोखंडाचा तुकडा मिळून ९५० किलो हातात आहेत. ऐकायला भरपूर वाटतं, पण संपायला वेळ लागत नाही.

वही घातली आहे. जे लागेल त्याचं वजन आणि ते एक्सलपासून किती लांब आहे, दोन्ही लिहायचं. लांबी का, ते एका उदाहरणात कळतं. स्टीलचा जाड पुढचा बंपर आणि विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) मिळून समजा ७५ किलो. ते पुढच्या एक्सलच्या पुढे साधारण ८५० मिमीवर लटकणार. तरफेच्या हिशेबाने पुढच्या एक्सलवर ७५ नाही, ९६ किलो वाढतात आणि मागच्या एक्सलवरचे २१ किलो कमी होतात. गाडीचं वजन ७५ ने वाढलं, पण पुढच्या स्प्रिंगांना शंभर किलो चढल्यासारखं वाटतं, आणि रिकाम्या पिकअपची मुळात हलकी असलेली मागची बाजू आणखी हलकी होते. विंचवर निर्णय नंतर. आकडा मात्र आजच लिहून ठेवला.

११ जानेवारी

गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेतली. जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, मग काम दोन मिनिटांचं असो.

खालून प्रेशरने धुऊन दोन दिवस वाळवली होती. चासीला आधीच्या मालकाने डांबरी काळा कोट मारून घेतला आहे. लांबून झकास दिसतो. मागच्या पाट्यांच्या हँगरपाशी त्या कोटाला केसाएवढी चीर दिसली, तिथे पातळ स्क्रॅपर घातला तर हाताएवढा तुकडा पोपडा सुटावा तसा निघून आला. आतल्या बाजूला ओल, आणि चासीवर तपकिरी थर. नखाने खरवडला तर पापुद्रे पडत होते. त्याखालचा धातू अजून जाड आहे, हातोडीच्या टोकाने ठोकला की खणखणीत वाजतो. पोकळ किंवा बद्द आवाज कुठेही आला नाही. इथूनच पुढे काम करण्यात अर्थ आहे. बद्द वाजला असता तर वही बंद केली असती.

डांबरी कोटाबद्दल माझं मत आधीपासून वाईट आहे, आज पक्कं झालं. तो नवा असताना चिकट असतो, काही वर्षांत कडक होतो, चासी पिळली की तडकतो आणि मग पाणी आत धरून ठेवतो. उघडी चासी निदान वाळते तरी.

१३ जानेवारी

खरवड, तारेचा ब्रश, खरवड. फ्लॅप डिस्कने फक्त गंजलेल्या जागा, चांगला रंग उगाच उडवायचा नाही. डोळ्याला चष्मा आणि तोंडाला चांगला मास्क हवाच. डांबराची धूळ घशात उतरली की दिवसभर तीच चव.

१८ जानेवारी

रासायनिक काम. उरलेल्या घट्ट गंजावर रस्ट कन्व्हर्टर. यात टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्ल असतं, ते लाल गंजाचं रूपांतर काळ्या, स्थिर थरात करतं. सुट्या पापुद्र्यांवर त्याचा उपयोग नाही, म्हणून आधीचं खरवडणं टळत नाही. दुसऱ्या दिवशी जस्ताचा प्रायमर उघड्या धातूवर, वरून चासी ब्लॅक.

चासीच्या आतली बाजू हा खरा घात. ती पेटीसारखी बंद असते, पण कंपनीने जागोजागी भोकं ठेवलेली असतात. त्यातून चिखल आत जातो आणि तिथेच बसतो. लांब लवचिक नळीच्या टोकाला चारी बाजूंनी फवारणारं नोझल लावलं, नळी आत शेवटापर्यंत सारली आणि मेणाचा फवारा सोडत हळूहळू बाहेर ओढली. खालच्या भोकांतून मेण ठिबकायला लागलं की तो भाग झाला. पाणी निचरायची भोकं नंतर तारेने मोकळी करायची, नाहीतर मेणानेच पाणी आत अडवल्यासारखं होतं.

बाहेरून लॅनोलिनचा हात दिला. लोकरीतून निघणारी ही चरबी ओलीच राहते, ओरखडा पडला तरी सरकून झाकते. दरवर्षी पुन्हा मारावी लागते. तिने नैसर्गिक रबर फुगतं, म्हणून बुश, माउंट आणि ब्रेकच्या होजवर आधी प्लास्टिक गुंडाळलं. ब्रेक डिस्क तर झाकल्याच.

२५ जानेवारी

पोटाचं चिलखत. तीन तुकडे : पहिला रेडिएटरपासून इंजिनाच्या ऑइल चेंबरपर्यंत, त्यातच पुढचं डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा गोळा, पुढे नुसतं डिफ) झाकलं जातं. दुसरा गिअरबॉक्सखाली. तिसरा ट्रान्सफर केसखाली. मिळून साधारण एक चौरस मीटर.

स्टील की ॲल्युमिनियम, यावर दोन दिवस खल झाला. १ चौरस मीटर ३ मिमी स्टील साडेतेवीस किलो भरतं. तेवढंच ६ मिमी ॲल्युमिनियम सोळा किलो. दुप्पट जाड असल्यामुळे ॲल्युमिनियम वाकायलाही कमी वाकतं. स्टीलच्या बाजूने मुद्दा एकच पण मोठा : ते दगडावरून घसरतं. ॲल्युमिनियम मऊ, दगडाची धार त्यात रुतते आणि गाडी अडखळते. रोज खडकावरच चालवायची असेल तर स्टील घ्यावं. माझं चालवणं म्हणजे धोंड्यांची वाट, ओढे, चरे. पोट अधूनमधून टेकणार, तासन्‌तास घासणार नाही. वहीने ॲल्युमिनियमच्या बाजूने कौल दिला.

ग्रेड ५०८३ घेतला. ६०६१ टी-६ ताकदीला जास्त आहे पण पत्रा वाकवायच्या मशीनवर तीव्र घडी घातली की घडीच्या बाहेरच्या अंगाला चिरतो. आमच्या पुढच्या प्लेटला दोन घड्या आहेत.

आधी पुठ्ठ्याचे साचे कापून खाली लावून पाहिले. यातच निम्मं काम होतं. स्टिअरिंग पूर्ण वळवून टाय रॉड कुठे येतो, चाक लटकलं की शाफ्ट कुठे जातो, ऑइलचा ड्रेन बोल्ट आणि फिल्टर कुठे आहे, हे सगळं पुठ्ठ्यावर पेन्सिलीने. ड्रेन बोल्टखाली हात जाईल एवढं भोक. त्याशिवाय मागच्या, सखल कडेला लांबट फटी : पाणी निघायला, आणि पाइप आत घालून चिखल धुऊन काढायला. फटी नसल्या तर प्लेटवर गाळ वाळून विटेसारखा बसतो आणि गिअरबॉक्सला हवा लागत नाही.

बोल्ट एम १०, १०.९ ग्रेडचे. सगळ्यांची डोकी प्लेटला दिलेल्या खळग्यात बसवली. डोकं बाहेर राहिलं की दगड ते तासून गोल करतो, मग ऑइल बदलायच्या दिवशी पाना बसत नाही आणि ग्राइंडर काढावा लागतो. ॲल्युमिनियम आणि स्टील जिथे भिडतात तिथे नायलॉनचे वॉशर, आट्यांना अँटी-सीझ पेस्ट. दोन वेगळे धातू आणि मध्ये ओल असली की ॲल्युमिनियम पांढरं पिठूळ होत जातं.

प्लेट कशाला टांगायची, हेही महत्त्वाचं. चासीला आणि आडव्या मेंबरला. चेंबरला किंवा गिअरबॉक्सला टेकवून कधीच नाही. चेंबर आणि प्लेट यांच्यामध्ये २५ मिमी मोकळे सोडले. धक्क्याने प्लेट वर दबली तर ती आधी रिकाम्या जागेत दबली पाहिजे.

ब्रॅकेटसकट वजन २० किलो. वहीत नोंद.

१ फेब्रुवारी

प्लेट लावून चक्कर. तऱ्हेतऱ्हेचे आवाज ऐकू येतात : खडी प्लेटवर तडतडते, इंजिनाचा आवाज खालून परत येतो. ब्रॅकेटमध्ये रबर घातल्यावर थोडा कमी झाला. चढावर लो रेंजमध्ये बराच वेळ चालवून गिअरबॉक्सचं तापमान बघितलं. आधीपेक्षा किंचित जास्त, चिंता करावी असं नाही.

एक नवं काम मात्र वाढलं. सायलेन्सरच्या लाइनमधला काजळीचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो तेव्हा आत ६०० अंशांच्या आसपास जातो. वाळलेल्या गवतातून गेल्यावर ते गवत प्लेट आणि फिल्टरच्या मध्ये अडकतं. अशा रानातून बाहेर आलं की खाली वाकून हाताने काढायचं, मगच पुढे. नुसत्या गवताने पेटलेल्या गाड्या आहेत.

८ फेब्रुवारी

रॉक स्लायडर. दाराखालच्या पट्टीला, म्हणजे सिलला, वाचवणारे पाइप. पाय ठेवायच्या ॲल्युमिनियमच्या पायऱ्या काढून टाकल्या. त्या बॉडीच्या पत्र्याला टांगलेल्या होत्या. दगडावर टेकल्या तर पायरी वर दुमडून दारच उघडणार नाही.

फॅब्रिकेशनच्या शेडवर गेलो. मिस्त्रींनी गाडीखाली नजर टाकली आणि म्हणाले, "सरळ चासीला वेल्ड मारून देतो साहेब, हलणार नाही जन्मभर."

"चासी जास्त ताकदीच्या पत्र्याची आहे, मिस्त्री. पुस्तकात वेल्ड करू नका असं छापलंय. आच लागली की वेल्डच्या कडेने मऊ पडते."

"मग बोल्टवर घ्यायचं. पण बोल्ट आवळला की पेटी चेपणार."

त्यांनीच तोड सांगितली. चासीच्या पेटीतून आरपार बोल्ट जाईल तिथे आत जाड नळीचा तुकडा घालायचा, पेटीच्या आतल्या रुंदीएवढाच. बोल्ट आवळला की भार नळीवर येतो, पत्रे आत चेपत नाहीत. बहुतेक ठिकाणी कंपनीची भोकं सापडली. नवं भोक पाडायचं तर चासीच्या वरच्या किंवा खालच्या कडेला नाही, उभ्या अंगाच्या मध्यावर. वाकताना सगळ्यात जास्त ताण कडांवर येतो, मध्यावर नाही.

पाइप ४ मिमी जाडीचा, प्रत्येक बाजूला चार पाय. पाय किंचित वर उचललेले, म्हणजे स्लायडर जमिनीकडे लोंबत नाही आणि सिलला बाजूनेही आडोसा मिळतो. पाइप आणि सिलमध्ये २५ मिमी फट. बॉडी चासीवर रबराच्या माउंटांवर बसलेली असते आणि वाकड्या वाटेवर दोघी वेगवेगळ्या हलतात, फट नसेल तर पहिल्याच चरात पाइप पत्र्याला जाऊन भिडतो.

ड्रिल लावायच्या आधी चासीच्या आतल्या अंगाने कोण कोण गेलंय ते हाताने चाचपलं : ब्रेकची नळी, डिझेलच्या दोन नळ्या, वायरिंगचा जाड दोर. ड्रिलच्या बिटावर टेप गुंडाळून खोली बांधून घेतली. पायांच्या प्लेटांचं वेल्डिंग स्लायडर गाडीपासून सोडवून टेबलावर. गाडीवरच वेल्ड मारायची वेळ आली तर बॅटरी सोडून आणि अर्थिंग वेल्डच्या जवळच धरून.

परीक्षा सोपी होती. स्लायडरच्या मधोमध जॅक लावून गाडीची अख्खी बाजू उचलली. पाइप वाकला नाही, दार नेहमीसारखं लागलं. दोन्ही मिळून ४८ किलो. वजन आहे, पण एक्सलच्या मध्ये आणि खाली आहे. लावावं तर असं वजन लावावं.

१५ फेब्रुवारी

ब्रीदर. सगळ्यात स्वस्त काम, आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं. तरी लोक स्नॉर्कल (इंजिनाला छताजवळून हवा देणारी नळी) आधी लावतात, कारण तो दिसतो.

डिफरन्शियल तापलं की आतली हवा फुगते, ती बाहेर सोडायला एक्सलच्या नळीवर छोटी टोपी असते. उलटंही होतं. तासभर चालून डिफ ८५ अंशांना पोहोचलंय आणि समोर २५ अंशांचा ओढा आला. एक्सल पाण्यात बुडला, आतली हवा आक्रसली. हवा पाण्याएवढी गार झाली तर दाब सुमारे १७ टक्क्यांनी उतरतो. पावणेदोन मीटर पाणी वर ओढून घेईल एवढी ती ओढ आहे. टोपीचा व्हॉल्व्ह चिखलाने अडकलेला असला तर हवा आत येत नाही, पाणी मिळेल त्या वाटेने येतं. ती वाट म्हणजे ऑइल सील. सीलचा ओठ आतलं तेल बाहेर जाऊ नये म्हणून असतो. बाहेरचं पाणी आत ओढलं जाताना तो फारसा आडवा येत नाही.

म्हणून चारही ठिकाणच्या टोप्या काढल्या : पुढचं डिफ, मागचं डिफ, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस. जागी नळीची तोटी, तिला तेलाला टिकणारी होज. पुढच्या तिन्ही नळ्या बॉनेटखाली फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) वरच्या टोकाला एकत्र आणल्या, शेवटी छोटा फिल्टर. मागची नळी चासीवरून हौद्याच्या कोपऱ्यात, टेललाइटच्या मागे उंचावर.

नळी बसवताना दोन गोष्टी पाहिल्या. एक, मागचा एक्सल पूर्ण लटकवून नळीला ढील किती लागते. कमी पडली तर खड्ड्यात तोटीच उपटून येते. दुसरी, वाटेत कुठेही नळी खाली झोल खाऊन परत वर जाता कामा नये. त्या झोलात तेलाची वाफ थिजून साठते आणि नळी बुजते.

सोबतच मागच्या डिफचं तेल सोडलं. काळसर, पातळ चहासारखं दुधाळ नाही. म्हणजे पाणी गेलेलं नव्हतं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लेप, कणी नाही.

२२ फेब्रुवारी

स्नॉर्कल लावला, पाण्यासाठी कमी आणि धुळीसाठी जास्त. ताफ्यात मागे चालताना बंपरच्या उंचीवरची हवा पिठासारखी असते, छताजवळ ती बरीच स्वच्छ मिळते. एअर फिल्टर जास्त टिकतो.

पाण्याचं म्हणाल तर स्नॉर्कलचं तोंड छतावर असलं तरी एअर बॉक्सची खालची रबरी तोटी तशीच उघडी असते, नळीच्या जोडांत फटी असतात. हवा ज्या फटीतून येते त्याच फटीतून पाणी येतं. एकदा सिलिंडरमध्ये पाणी शिरलं की ते दाबलं जात नाही, पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. जोड सगळे सीलंट लावून क्लॅम्पने आवळले, तोटीला एकमार्गी व्हॉल्व्ह बसवला. मग इंजिन चालू ठेवून स्नॉर्कलचं तोंड तळहाताने दाबून धरलं : इंजिन घुटमळून बंद पडलं. जोड हवाबंद आहेत. बंद पडलं नसतं तर कुठूनतरी हवा ओढत होतं असा अर्थ.

अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) मात्र अजून तिथेच खाली आहे. पाण्याची खोली स्नॉर्कलच्या उंचीवर ठरवायची नसते.

१ मार्च

पुन्हा काट्यावर. या वेळी प्रवासाला निघतो तशी : दोन माणसं, हौद्यावर कॅनोपी, ड्रॉवर, पाणी ६० लिटर, अवजारं, तंबू. एकूण २,५४० : पुढे १,२०५, मागे १,३३५. हा आकडा हातात आल्याशिवाय स्प्रिंग मागवायच्या नाहीत असं ठरवलं होतं.

स्प्रिंग विकणारा पहिला प्रश्न विचारतो, "किती इंच लिफ्ट?" विचारायला हवं ते, "कायमचं वजन किती?" मागे कायम राहणारं वजन कॅनोपी आणि ड्रॉवर मिळून दीडशे किलो. बाकीचं येतं-जातं. म्हणून ३०० किलोपर्यंतचा पाटा घेतला. कायम ५०० किलोवाला पाटा घातला असता तर रिकाम्या गाडीचा मागचा भाग खड्ड्याखड्ड्याला उडाला असता, आणि उडालेलं चाक पकड देत नाही.

पाट्यांच्या मध्ये हवेचे फुगे बसवायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. नको. पाटा चासीवर दोन टोकांना, लांब अंतरावर भार देतो. फुगा तोच भार मध्ये एका ठिकाणी देतो. मागे ओव्हरहँगला, म्हणजे मागच्या एक्सलच्याही मागे, जड सामान आणि मध्ये फुगा, यात डबल कॅबच्या चासी केबिनच्या मागे वाकलेल्या आहेत.

८ मार्च

सस्पेन्शन बसवलं. पुढे-मागे ४० मिमी. पुढच्या बाजूला याहून जास्त नको, कारण तिथलं डिफ चासीला पक्कं आहे आणि चाक तेवढं खाली जातं. शाफ्टच्या सीव्ही जॉइंटचा (फिरता फिरता वाकणाऱ्या सांध्याचा) कोन वाढतो, रबरी बूट घडीत घासून फाटतो, आणि चाक खाली लटकायला जागाच उरत नाही.

मागचे यू-बोल्ट नवे. ते आवळताना ताणले जातात, जुने पुन्हा वापरले की ढिले पडतात. पाट्याच्या मधल्या बोल्टचं डोकं एक्सलच्या भोकात नीट बसलंय का ते हात लावून पाहिलं; ते कडेला चढलं तर एक्सल तिरका बसतो.

पाट्याच्या डोळ्यांचे आणि लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना फक्त हाताने सैल लावले. शेवटचं आवळणं चाकं जमिनीवर टेकवून, गाडी आपल्या वजनावर बसल्यावर. रबरी बुश आतल्या नळीला आणि बाहेरच्या कड्याला चिकटलेला असतो. चाक लटकत असताना आवळला की गाडी खाली उतरवल्यावर तो कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. उंचीही खोटी दिसते.

ब्रेकची होज आणि एबीएसची वायर पूर्ण लटकत्या चाकाला पुरते का ते बघितलं. मागची होज तंग येत होती, तिचा ब्रॅकेट खाली सरकवला. मग अलाइनमेंट. पुढून उंची वाढली की कॅस्टर (चाक वळायच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग भटकायला लागतं. लोअर आर्मच्या कॅम बोल्टवर हवा तेवढा परत मिळाला, त्यामुळे नवे अप्पर आर्म वाचले. हेडलाइट खाली केल्या. समोरच्याच्या डोळ्यांत जात होत्या.

आता एक गोष्ट ठळक लिहून ठेवतो. इतकं करूनही मागच्या डिफच्या गोळ्याखालची जागा एक मिलिमीटरनेही वाढलेली नाही. स्प्रिंग बॉडी उचलते, एक्सल नाही. एक्सल उचलतो फक्त टायर.

१५ मार्च

टायर. मूळ २६५/६५ आर १७, व्यास ७७६ मिमी. नवे २६५/७० आर १७, व्यास ८०३. डिफखाली त्यातला निम्मा फरक मिळतो, म्हणजे १३ मिमी. आणखी मोठे, २८५/७०, घेतले असते तर २७ मिळाले असते. पण मग मडगार्ड कापणं, ब्रेकवर भार, गिअरिंग जड. १३ पुरे. स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी १०३ च्या वर असते, एवढं लक्षात ठेवायचं.

एलटी (लाइट ट्रक) प्रकारचे घेतले, कडा जाड. धोंड्यांत टायर कडेलाही फाटतो, आणि कडेचं दुरुस्त होत नाही. स्टेपनीही त्याच मापाची. हौद्याखालच्या जागेत ती जेमतेम बसली.

हवा : डांबरी रस्त्याला ३६ पीएसआय, खडीला २६, धोंड्यांना २०, मऊ वाळूला १६. हवा कमी केली की टायरचा टेकणारा भाग मुख्यतः लांबीला वाढतो, म्हणून वाळूत तो तरंगतो आणि खडकावर घट्ट बसतो. कमी हवेवर वेग कमी, आणि डांबरावर चढायच्या आधी परत भरायची. त्यासाठी कॉम्प्रेसर बॅटरीशेजारी बसवला, फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वितीच्या आत.

२० मार्च

अडकल्यावर ओढायच्या जागा. पुढे कंपनीने दिलेली कडी जहाजावर गाडी बांधायची आहे, ओढायची नाही. चासीच्या दोन्ही शिंगांना रेटेड रिकव्हरी पॉइंट लावले, प्रत्येकी ४.७५ टनाचा बो शॅकल (पिनेने बंद होणारी लोखंडी कडी). ओढताना दोन्हींना पट्टा अडकवून मधून दोर. मागे टो हिचच्या चौकोनी नळीत शॅकलचा ठोकळा. टो बॉलला दोर कधीच नाही. तो तुटला की तोफेच्या गोळ्यासारखा काच फोडून आत येतो, माणसं गेली आहेत यात.

ताणणारा दोर ३० टक्क्यांपर्यंत ताणला जातो आणि तीच ताकद गाडीला उपटून काढते. त्यावर ओलं पोतं किंवा डँपर टाकायचा, आणि कोणी जवळ उभं राहायचं नाही.

विंच : नाही. निदान आत्ता नाही. भरलेल्या गाडीच्या दीडपट ताकद हवी, म्हणजे ४,३५० किलो. ९,५०० पौंडाचा विंच ४,३०९ ला थांबतो, आणि ती ताकदही ड्रमवर दोराचा शेवटचा एकच थर उरला असताना. म्हणजे १२,००० पौंडाचा घ्यायचा, त्याला स्टीलचा बंपर, त्याने एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बदलतं, काही ठिकाणी असे बंपर नियमातही बसत नाहीत. आणि वहीतले ते ९६ किलो. एकटी गाडी घेऊन दलदलीत जाणाऱ्याने जरूर लावावा. मी दुसऱ्या गाडीशिवाय तिथे जात नाही. फावडं, दोन ट्रॅक बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या फळ्या) आणि कमी हवा यांत बहुतेक प्रसंग निभावतात.

२७ मार्च

हौदा. प्लास्टिकचा तयार लायनर काढला. त्याखाली वाळू अडकून रंगावर घासत राहिली होती, कोपऱ्यांत उघडा पत्रा. पॉलीयुरेथेनचा दोन भागांचा कोट मारला, तो पत्र्याला चिकटतो, खाली काही शिरत नाही. फाळक्याच्या बिजागऱ्या आणि निचऱ्याची भोकं आधी टेप लावून वाचवली. जड सामान केबिनला लागून, हलकं फाळक्याकडे.

५ एप्रिल

पहिली खरी वाट : सुकलेल्या ओढ्याचं पात्र, वर चढणारी दगडी नाळ, मग गुडघाभर पाणी. पाण्याआधी दहा मिनिटं थांबून डिफ निवू दिलं.

नाळेत दोनदा टेकली. एकदा डाव्या स्लायडरवर, गाडी त्यावरच सरकत दगडाभोवती वळली. एकदा ट्रान्सफर केसच्या प्लेटवर, मोठा आवाज झाला. घरी येऊन खाली सरकलो : प्लेटला बोटभर लांब खोल ओरखडा, कडेला धातूची कुरळी कीस, खळग्यातलं बोल्टचं डोकं शाबूत. आत ट्रान्सफर केसपर्यंत अजून पुरती मोकळी जागा. प्लेट उतरवून धुतली, मूठभर गवत निघालं.

डिफचं तेल ड्रेन प्लग अर्धा सैल करून थेंबभर पाहिलं. स्वच्छ.

टॉर्क पाना फिरवला. मागच्या यू-बोल्टांपैकी दोन थोडे फिरले, बाकी घट्ट. स्लायडरचे बोल्ट जागेवर. सगळ्यांवर पिवळ्या मार्करने रेघ मारली, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं बघून कळेल. पुढच्या डाव्या चाकाचा मडफ्लॅप पूर्ण वळणावर टायरला घासतोय, त्याचा कोपरा कापायचा आहे. ५०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा, आणि अलाइनमेंट एकदा तपासून.